सौर फिडर, शेततळं आणि एकच विहीर: हवामान बदलावर राज्य सरकार नेमकं काय करतं?

माझे एक काका आहेत, साठी ओलांडलेले. परवा-परवापर्यंत गव्हाच्या दिवसांत त्यांचं वेळापत्रक लाईटवर चालायचं. या आठवड्यात लाईट दिवसाची असेल तर बरं, रात्रीची असेल तर जेवण उरकून कानटोपी, गमबूट, बॅटरी आणि काठी घेऊन शेतावर. डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहून थ्री फेज येण्याची वाट बघायची, मोटर सुरू करायची आणि मग पहाटेपर्यंत दारं धरायची. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. उसाच्या बाजूला बिबट्याची भीती, बांधाला सापाची.

आता त्यांच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, दिवसा लाईट येते. काका तिला 'सोलरची लाईट' म्हणतात आणि खूश आहेत. पण त्यांना विचारलं, हवामान बदलासाठी सरकारनं तुमच्यासाठी काय केलं, तर ते म्हणतील, "सरकार काय करणार? पाऊस काय त्यांच्या हातात आहे होय?"

गंमत अशी की दिवसाची ती लाईट हीच राज्य सरकारची हवामान बदलावरची सगळ्यात मोठी कृती म्हणता येईल. तिच्यावर तसा बोर्ड लावलेला नाही, एवढंच. म्हणून हा विषय आराखड्यांपासून सुरू करण्यापेक्षा फिडर आणि विहिरीपासून सुरू केलेला बरा.

पण आधी दोन शब्द. सरकारी कागदांत हवामान बदलाच्या कामाचे दोन भाग असतात: शमन आणि अनुकूलन. शब्द जड आहेत, अर्थ साधा आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तो लगेच कळेल. नदीला पूर येऊ नये म्हणून धरणांतला विसर्ग आवरायचा, हा एक उपाय. पूर येणारच असं धरून नदीकाठची घरं उंचावर न्यायची, बोटी तयार ठेवायच्या, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवायचा, हा दुसरा. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणं हे पहिल्या प्रकारचं काम, म्हणजे शमन. जो बदल झालाच आहे त्याच्याशी जुळवून घेणं हे दुसरं, म्हणजे अनुकूलन.

आणि पुराप्रमाणेच इथेही सगळे दरवाजे आपल्या हातात नाहीत. अलमट्टी धरणाचे दरवाजे जसे कर्नाटकात, तसं हवेत जाणाऱ्या धुराचं. महाराष्ट्रानं उद्या सगळ्या चिमण्या बंद केल्या तरी चीन, अमेरिका, युरोप आणि उरलेल्या भारताचा धूर वर जातच राहणार. धूर कमी करण्याचा फायदा सगळ्या जगात वाटला जातो. जुळवून घेण्याचा फायदा मात्र ज्यानं केलं त्याच्याच गावात राहतो. राज्याच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. पहिलं काम करताना राज्याला त्यातून स्वतःचा दुसरा काहीतरी फायदा हवा असतो. दुसरं काम न करण्याची मुभाच नसते.

दिल्लीचं सरकार आंतरराष्ट्रीय परिषदांत आकडे जाहीर करतं. ग्लासगोला २०२१ मध्ये भारतानं सांगितलं की २०७० पर्यंत आपण निव्वळ शून्य उत्सर्जनावर येऊ, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल. ऐकायला छान. पण राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडली तर शेती राज्याकडे, पाणी राज्याकडे, जमीन राज्याकडे, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. वीज आणि जंगल दोघांच्या सामायिक यादीत, पण शेतकऱ्याच्या बांधावर वीज पोचवणारी महावितरण राज्याची. म्हणजे आकडा दिल्लीचा आणि काम मुंबई, नागपूर, तालुका कृषी कार्यालय आणि लाईनमनचं.

कागदोपत्री प्रवास थोडक्यात उरकतो. केंद्राची राष्ट्रीय कृती योजना २००८ ची. तिच्यापाठोपाठ राज्यांनी आपापले आराखडे करायचे ठरलं. महाराष्ट्रानं ते काम 'टेरी' या ऊर्जा आणि पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे सोपवलं आणि तिचा अभ्यास २०१४ मध्ये आला. २०२० मध्ये पर्यावरण विभागाचं नाव बदलून 'पर्यावरण आणि वातावरणीय बदल विभाग' झालं आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या नावानं गावांना आणि शहरांना गुण द्यायचे, अशी त्याची रचना. गुणांसाठी का होईना, पण नगरपालिकांनी झाडं मोजली, कचरा वेगळा केला. वाईट काही नाही त्यात. फक्त हवामानाचं खरं जड काम या विभागाकडे नसतं. ते ऊर्जा, कृषी, मृद व जलसंधारण, मदत व पुनर्वसन आणि वन या खात्यांत वाटलेलं असतं, आणि ही खाती एकमेकांशी किती बोलतात यावर सगळं अवलंबून असतं. या लेखाचं सगळं रडगाणं त्या बोलण्याबद्दलच आहे.

आता फिडर. सबस्टेशनमधून निघणारी ११ केव्हीची लाईन म्हणजे फिडर. पूर्वी गावातली घरं आणि शेतातले पंप एकाच लाईनवर असायचे. शेतीची वीज बंद केली की गावही अंधारात. नंतर गावठाण फिडर वेगळा झाला आणि शेतीचा वेगळा. त्या वेळी हेतू भारनियमनाची सोय एवढाच होता. पण या वेगळं करण्यामुळेच पुढची गोष्ट शक्य झाली: शेतीचा अख्खा फिडर सौरऊर्जेवर नेणं.

कल्पना अशी. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर पॅनेल लावत बसण्यापेक्षा सबस्टेशनच्या जवळपास दहा-बारा एकरांवर दोन-तीन मेगावॉटचा प्रकल्प टाकायचा आणि त्याची वीज थेट त्या सबस्टेशनमधून शेतीच्या फिडरला द्यायची. सूर्य दिवसाच असतो, म्हणून लाईट दिवसाच येते. वीज लांबून आणावी लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती कमी. जमीन सरकारी गायरान असेल तर ती, नसेल तर खासगी जमीन भाड्यानं. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती रांगत होती. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि भाडं हेक्टरला वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ, असं ठरलं. कोरडवाहू बरड जमिनीला एकरी ५० हजार बसल्याजागी मिळतात म्हटल्यावर लोक सातबारा घेऊन रांगेत आले. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॉटचा. राज्यभरचं उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॉटचं आहे. तुलनेसाठी, राज्यातलं सगळ्यात मोठं सरकारी औष्णिक केंद्र चंद्रपूरचं, त्याची क्षमता २,९२० मेगावॉट. अर्थात सौर मेगावॉट आणि कोळशाचा मेगावॉट सारखे नसतात. सूर्य रात्री झोपतो, बॉयलर झोपत नाही. म्हणून सरळ भागाकार करू नका.

धुराचा हिशेब ढोबळमानानं असा. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली तर साधारण ३० युनिट खाते. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे काकांची एक मोटर, एका दिवसाला, ३० किलो. धोंदलगावसारखा तीन मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला अंदाजे ५० लाख युनिट वीज देतो, म्हणजे सुमारे पाच हजार टन धूर टळतो. महावितरणच्या विजेतला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा शेतीपंप खातात. तेव्हा हे प्रकरण बारकं नाही.

पण सरकारनं हे धुरासाठी केलं, असं मला वाटत नाही. केलं ते बिलासाठी. शेतीच्या विजेचा खरा खर्च आणि शेतकरी देतो ते बिल यांत आधीच मोठी दरी होती, ती अनुदानातून आणि उद्योगांवर चढ्या दरांचा बोजा टाकून भरली जायची. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. मोफत द्यायचीच आहे तर ती तिजोरीला स्वस्तात पडली पाहिजे. सौर प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास, तीही २५ वर्षांच्या करारानं. कोळशाची महाग आणि दरवर्षी चढणारी. धूर कमी होणं हा वरचा लाभ. मला यात काही गैर वाटत नाही. उलट राज्याच्या पातळीवर जी हवामान-धोरणं टिकतात ती अशीच असतात, ज्यांत तिजोरीचं, मतदाराचं आणि हवेचं हित एकाच दिशेला असतं.

दुसरी योजना 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. इथे फिडर नाही, प्रत्येकाचा स्वतंत्र संच. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के, उरलेलं केंद्र आणि राज्याचं. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. ज्याच्या शेतापर्यंत खांबच नाहीत त्याच्यासाठी हे वरदान. ज्याच्याकडे वीज आहे तो मात्र कुरकुरतो, कारण ढग आले की मोटर मंदावते आणि रात्री पाणी द्यावंसं वाटलं तरी देता येत नाही. दोघांचंही बरोबर आहे.

रस्त्यावरचं काम वेगानं सांगतो. ई-वाहनांचं धोरण २०२१ मध्ये आलं, नवं २०२५ मध्ये, आणि अटल सेतू, समृद्धी, पुणे द्रुतगती मार्गावर ई-गाड्यांना टोलमाफी मिळाली. एसटीनं १ जून २०२२ ला पहिली ई-शिवाई पुणे-नगर मार्गावर सोडली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला याच मार्गावर धावली होती, हे ज्यानं कुणी लक्षात ठेवलं त्याला दाद द्यावीशी वाटते. पण ई-शिवाईची बॅटरी रात्री डेपोत चार्ज होते, आणि रात्रीची वीज अजून प्रामुख्यानं कोळशाची. धूर रस्त्यावरून उठला आणि कोराडी-चंद्रपूरच्या चिमणीत जाऊन बसला, असं काहीसं. (विजेची गाडी तेवढ्याच अंतराला एकूण ऊर्जा कमी खाते, म्हणून फायदा आहेच. पण पुरा नाही.) म्हणून दिवसाची सौर वीज रात्रीसाठी साठवायचा प्रश्न येतो. त्यावरचा एक जुना-जाणता उपाय आपल्याकडे चालू आहे: अकोले तालुक्यातलं घाटघर. वर एक जलाशय, खाली एक. वीज जास्त झाली की पाणी पंपानं वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडून २५० मेगावॉट बनवायचे. याला उदंचन म्हणतात. सह्याद्रीचे कडे या कामाला सोन्यासारखे, आणि राज्यानं आता अशा अनेक प्रकल्पांसाठी करार केले आहेत. त्या कड्यांवरची जंगलं आणि तिथले आदिवासी पाडे हा त्यातला पुढचा वाद, तो येणारच.

आता जुळवून घेण्याची बाजू. इथे गोष्टी छोट्या, मातकट आणि जास्त रंजक आहेत.

विदर्भ-मराठवाड्यात पाऊस कमी झाला असं सरसकट म्हणता येत नाही. त्याची रीत बिघडली. तीन आठवडे दडी आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. सोयाबीनला दोन्ही मारक. यावर कृषी विभाग ज्याचा प्रसार करतो ती रुंद वरंबा सरी, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत बीबीएफ. सपाट रानात पेरण्याऐवजी ट्रॅक्टरच्या यंत्रानं तीन-चार ओळी मावतील असा रुंद गादीवाफा करायचा आणि दोन्ही बाजूंना सरी. धो-धो पाऊस झाला तर जास्तीचं पाणी सरीतून वाहून जातं, मुळं कुजत नाहीत. पाऊस दडला तर सरीत मुरलेला ओलावा वाफ्याला दहा-बारा दिवस पुरवतो. एकाच रानाची दोन टोकांच्या हवामानासाठी तयारी. त्यात बियाणंही कमी लागतं. मी सरीत उभं राहून पाहिलंय: अतिवृष्टीनंतर चौथ्या दिवशी बीबीएफच्या रानात पाय रुततो, पण झाड हिरवं असतं. शेजारच्या सपाट रानात पिवळं.

हे आणि असं बरंच काही ज्या छत्राखाली आलं तो 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प'. गावात त्याला कुणी या नावानं ओळखत नाही. ते म्हणतात 'पोकरा'. जागतिक बँकेनं २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं घेतली. दुसऱ्या टप्प्यात एकवीस जिल्हे. ठिबक, शेडनेट, फळबाग, विहीर पुनर्भरण, बियाणं. अनुदान थेट खात्यात. त्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णा नदीचा खारपाणपट्टाही आहे, जिथे जमिनीखालचं पाणी इतकं खारट की पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. तिथे बोअर पाडून उपयोग नाही. आभाळातून पडतं तेवढंच गोड पाणी, म्हणून ते शेततळ्यात धरायचं आणि दडीच्या काळात एक-दोन पाळ्या द्यायच्या. खारपाणपट्ट्यात शेततळं म्हणजे अगदी नेमकं अनुकूलन.

तेच शेततळं दुसरीकडे नेलं की काय होतं ते आता बघू. त्यातूनच काकांच्या विहिरीकडे येऊ.

शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहतं पाणी अडवून धरण्याची. ओढ्याच्या उताराला खड्डा, एका बाजूनं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं सांडवा. पण डाळिंब, द्राक्ष, संत्र्याच्या पट्ट्यात जी मोठी, प्लास्टिक अंथरलेली शेततळी दिसतात, त्यांचे काठ जमिनीपेक्षा उंच असतात. पावसाचं वाहतं पाणी त्यांत शिरूच शकत नाही. ती भरतात विहिरीतून आणि बोअरमधून. पावसाळ्यात, हिवाळ्याच्या तोंडाला, भूजल वर असताना, प्रत्येकजण आपल्या वाट्याचं पाणी जमिनीखालून उपसून आपल्या तळ्यात नेऊन ठेवतो. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं होतं. तळ्यातलं एकाचं झालं.

आणि वर आणून ठेवलेलं पाणी ऊन पितं. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं धरा. काठ उतरते असतात, ते वजा केले तर त्यात २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानं दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते. ९०० चौरस मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे ९ हजार लिटर. ज्या गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर येतोय, त्याच गावात एकेका भरलेल्या तळ्यातून रोज जवळपास एक टँकर पाणी आभाळात जातं. जमिनीखाली असतं तर गेलं नसतं.

आता यात दिवसाची सौर वीज मिळवा. शमनाची योजना म्हणते: वीज स्वच्छ आहे, मोफत आहे, दिवसा आहे, घ्या. अनुकूलनाची योजना म्हणते: तळं खणा, अनुदान घ्या. दोन्हींच्या मधोमध एकच विहीर. तिच्याकडे बघणारं तिसरं खातं आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. ती गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. राज्यात भूजलाचा २००९ चा कायदाही आहे. त्यात ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरी घेण्यावर बंधन आहे. हे वाचून मराठवाड्यातला कुठलाही बोअरवाला हसेल. त्याच्या गाडीवर आठशे फुटांचे पाइप लादलेले असतात.

सौर विजेला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रात्रीच्या लाईटमध्येही पाणी वायाच जायचं. लोक मोटरला ऑटो स्विच लावून झोपायचे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, पाणी बांध फोडून ओढ्याला. दिवसा माणूस उभा असतो, वाफा भरला की मोटर बंद करतो. तेव्हा दिवसाची वीज पाणी वाचवूही शकते. फक्त बंद करण्यात त्याचा स्वतःचा काही फायदा असेल तर. वीज फुकट, पाणी फुकट, मग बंद का करायची?

गुजरातनं यावर वेगळी चाल खेळून पाहिली. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांची सौर सहकारी संस्था निघाली. पंपाला लागेल ती वीज वापरा, उरलेली ग्रीडला विका. मोटर बंद ठेवली की पैसे मिळतात. विहिरीतलं पाणी उपसणं याला अचानक किंमत आली, तीही कुणी बिल न लावता. नंतर २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना आणली. आपल्याकडे फिडर सौर करताना शेतकऱ्याला हा हिशेब दिला नाही. तो वीज विकणारा झाला नाही, फक्त घेणारा राहिला. सोपं होतं म्हणून तसं केलं, हे समजतं. पण विहिरीच्या बाजूनं पाहिलं तर इथे एक संधी हुकली, असं माझं मत.

दुसरा मार्ग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा, सगळ्यांना पाठ झालेला आणि फारसा कुणी न गिरवलेला. पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारावर ७०० मिलिमीटर झाला तर ७०० कोटी लिटर. त्यातलं किती वाहून गेलं, किती उडालं, किती मुरलं, माणसांना-जनावरांना किती लागतं, हे वजा करायचं आणि उरलेल्यात कुठलं पीक बसतं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक नाही. शेतीसाठी बोअर नाही. पोकरानंही गावनिहाय ताळेबंद मांडण्याची पद्धत आणली, मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं. आकडेमोड उत्तम आहे. पण तो कागद तालुका कृषी अधिकाऱ्याकडे असतो आणि वीजजोडणीचा अर्ज महावितरणकडे. ताळेबंदात पाणी उणे निघालेल्या गावात नवा सौरपंप द्यायचा की नाही, हा प्रश्न दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहतो.

कोकणात चित्र वेगळं आहे, आणि तिथे शमन-अनुकूलनाचं भांडण नाही. खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं कांदळवन दोन्ही कामं एकदम करतं. चिखलात कार्बन गाडून ठेवतं आणि वादळाच्या लाटांचा जोर मोडतं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवन तोडीला चाप लावला आणि २०१२ मध्ये राज्यानं वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. राज्यात तीनशे चौरस किलोमीटरच्या वर कांदळवन आहे. २०१७ पासून त्याच्या आधारानं खेकडापालन, कालवं, जिताड्याचे पिंजरे अशी उपजीविकेची योजनाही आली. म्हणजे झाड उभं राहिलं तरच गावाच्या हाती पैसा. हे शहाणपणाचं आहे. मग त्याच राज्यात बुलेट ट्रेनसाठी कांदळवनाची सुमारे २२ हजार झाडं तोडायला २०२२ मध्ये न्यायालयाकडून परवानगी घेतली जाते, बदल्यात दुसरीकडे लावू म्हणून. खाडीचा काठ सगळीकडे सारखा नसतो, हे पेण-अलिबागच्या खारेपाटात कुणालाही विचारा. तिथे खारबंदिस्तीला, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली की समुद्राचं पाणी भातशेतीत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात उगवत नाही. बांध दुरुस्त करायचा कुणी, हा वाद मात्र दरवर्षी उगवतो.

उष्णतेबद्दल एकच सांगतो. नागपुरात २०१६ पासून उष्माघात कृती आराखडा आहे, अहमदाबादच्या २०१३ च्या आराखड्यावरून घेतलेला. दुपारी कामं बंद ठेवा, पाणपोया उघडा, रुग्णालयांत थंड कक्ष ठेवा. खर्च जवळपास नाही. तरीही एप्रिल २०२३ मध्ये खारघरला सरकारी पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला आणि चौदा माणसं दगावली. वेळ संध्याकाळची ठेवणं एवढंच अनुकूलन पुरेसं होतं.

राहता राहिली भरपाई. २०२३ च्या खरिपापासून राज्यानं पीकविमा एका रुपयात दिला. बोगस अर्जांच्या तक्रारी झाल्या आणि २०२५ च्या खरिपात योजना बदलली: एक रुपया गेला, आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगातल्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरू लागली. स्थानिक आपत्तीसाठी वेगळा दावा करायची सोय काढली. ऐन त्याच वर्षी सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांना महापूर आला. सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये पिकंच काय, माती वाहून गेली. सरकारला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. ओडिशानं १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली. मग त्यांनी निवारे बांधले, इशाऱ्याची यंत्रणा गावापर्यंत नेली, आणि २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाला दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले. मृत्यू पन्नासच्या आत. वादळ तेही भयंकर, पण तयारी बदललेली. आपल्याकडे अजून पैशांचा मोठा ओघ घटना घडून गेल्यावर वाहतो, पंचनाम्याच्या मार्गानं.

परवा काकांकडे गेलो होतो. रात्री नऊला ते अंथरुणात, घोंगडी डोक्यावर घेऊन. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहत होतो. सकाळी शेतावर गेलो. शेजारच्यानं नवं शेततळं केलंय, निळं प्लास्टिक उन्हात चकाकत होतं, काठोकाठ भरलेलं. काकांनी विहिरीत वाकून बघितलं. आतल्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या पातळीची पांढरी रेघ होती, पाणी तिच्या खूप खाली.

"मार्चमध्ये इथं असायचं," त्यांनी काठीनं रेघ दाखवली. फेब्रुवारीची दहा तारीख होती. मग ते डीपीकडे निघाले, नऊला लाईट येणार होती.